आखूड इंग्रजी

४ फेब्रुवारी

दादा,

थांबता येत नाही म्हणे! मी काय सुनेला उन्हात उभी करून ठेवली आहे? शाळेचे दोनशे दहा गणवेश आखूड-लांब करायला घेऊन बसले आहे. ते दहा मार्चला द्यायचे आणि बारा तारखेच्या गाडीत मी बसायचं, हे पोरगा जहाजावर चढायच्या आधी तिला समोर बसवून सांगून गेला. मूल मार्चच्या शेवटी. मधे पंधरा दिवस राहतात. पंधरा दिवसांत मी अख्ख्या घराचे पडदे शिवून देते. आणि ही बाई कार्ड पाठवते आणि त्यात लिहिते, वी कान्ट वेट!

वेट मला कळतं. दवाखान्यात पाटी आहे, प्लीज वेट, तिच्याखाली माणसं बसल्या जागी म्हातारी होतात. कान्ट कळत नाही, पण त्याचा सूर मला आवडला नाही. म्हणून तुला विचारते. आपल्या घराण्यात इंग्रजी तुझ्याशिवाय कोणाला येतं?

तू म्हणशील फोन कर. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. मागे मी विचारलं, वहिनीचा गुडघा कसा आहे, तर म्हणालास, "बरं बरं, पाठवून दे." शिवाय माझ्या नशिबी फोन म्हणजे औषधवाल्याच्या काउंटरवरचा. तिथे मी सुनेबद्दल एक शब्द बोलले की खोकल्याच्या बाटलीबरोबर तो घरोघर जातो. सुनेशी तिथून एकदा बोलले. ती म्हणाली, हॅलो आई. मी म्हटलं, हॅलो. पुढे तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसलो. औषधवाला मला म्हणाला, "मावशी, लाइन खराब आहे का?"

तर कार्डावरचं मी अक्षर न् अक्षर बघून मागच्या बाजूला उतरवलंय. अक्षरं मला ओळखता येतात, कपड्यांच्या लेबलांवर तीच असतात. त्या कान्टमधे एन आणि टीच्या मधे वर एक शेपटीवालं टिंब आहे. माशीने केलंय असं समजून मी नखाने खरवडलं. निघालं नाही. म्हणजे तिनेच काढलंय.

नीट वाच आणि सरळ सांग. गोड करून सांगू नको.

तुझी आत्तेबहीण,
कातर


९ फेब्रुवारी

प्रिय भगिनीस,

तुझे ४ तारखेचे पत्र पोचले. अक्षर सुधारलेले नाही. असो.

तू ज्यास माशी समजून खरवडलेस ते चिन्ह इंग्रजीत मान्यताप्राप्त आहे. बोलण्याची घाई असलेले लोक दोन शब्द एकमेकांस चिकटवितात, मधले अक्षर गाळतात व गाळल्याची खूण म्हणून ते चिन्ह वर टांगतात. यास संक्षेप म्हणावे. डू नॉटचे डोन्ट. आय ॲमचे आयम. कॅन नॉटचे कान्ट. अर्थ लावण्याची रीत सोपी आहे. चिन्ह काढावे, गळालेले अक्षर परत घालावे, मूळ दोन शब्द हाती येतात. या नियमास अपवाद नाही.

मी चौतीस वर्षे कोर्टात टंकलेखन केले. त्या काळात माझ्या यंत्रातून असा एकही आखडलेला शब्द बाहेर पडलेला नाही. एकदा खुद्द न्यायाधीशसाहेब बोलण्याच्या ओघात डोन्ट म्हणाले. मी डू नॉट टंकित केले. साहेबांनी वाचले, माझ्याकडे पाहिले व सही केली.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर : वी कॅन नॉट वेट. आम्ही प्रतीक्षा करण्यास असमर्थ आहोत. शंकेस जागा नाही.

उत्तर पाठवावयाचे असल्यास मजकूर कळव. मी इंग्रजीत करून परस्पर रवाना करीन.

तुझा दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

असमर्थ आहोत! बघ, मला वासच आला होता.

पण तुझं ते संक्षेप प्रकरण वाचलं आणि म्हटलं, अरे, हे तर आमच्याच धंद्यातलं निघालं. माणूस येतो, पॅन्ट लांब होते म्हणतो. मी जास्तीचं कापड आत दुमडते, वरून टीप मारते, राहिलेला दोरा लोंबतो. ते तुझं चिन्ह म्हणजे तो लोंबणारा दोरा. टीप उसवली की कापड पुन्हा खाली येतं. हे चार ओळींत सांगायचं सोडून तू न्यायाधीशाला मधे कशाला आणलंस?

एवढं सोपं असून इंग्रजांना आखूड का करावं लागतं, ते विचारू नये. डू नॉट म्हणायला किती जीव लागतो? आमचं "नको" बघ. मुळातच मापाचं.

आता मजकूर. नीट ऐक. तिला लिही की बाई गं, मी बारा तारखेला निघते, त्याच्या आधी नाही जमत. गणवेश दिले नाहीत तर दोनशे दहा पोरं चड्ड्या हातात धरून शाळेत जातील. तुला एकटीला भीती वाटत असेल तर ते स्पष्ट लिही, मग मी काहीतरी करते, शेजारणीला बटणं लावायला बसवते. जड काही उचलू नको. मला राग आलाय हे लिहू नको. आलाय, पण लिहू नको. तिला आई नाही, मागे कोणी नाही, नवरा समुद्रात. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासते, पायांना सूज असणार. असल्या वेळी बाई काहीतरी बोलून जाते. पोरगा पोटात होता तेव्हा मी सासऱ्यांच्या सदऱ्याला चुकून तिसरी बाही लावली होती.

म्हणजे सभ्य लिही. घरगुती लिही.

कातर


२० फेब्रुवारी

प्रिय भगिनीस,

तुझ्या सूचनेनुसार मजकूर तयार करून काल रजिस्टर पोस्टाने सूनबाईंच्या पत्त्यावर रवाना केला. पोचपावती मागविली आहे. तुझ्या माहितीसाठी मराठी तात्पर्य :

"आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, आपल्या कार्डातील मागणी खालील सही करणारीस मान्य नाही. सदर सही करणारी ही १२ मार्चपूर्वी उपस्थित राहण्यास बांधील नाही. दरम्यानच्या काळात आपण जड वस्तू उचलू नये. उचलल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी सर्वस्वी आपणांवर राहील. आपणांस भीती वाटत असल्यास तसे लेखी कळवावे. कळावे."

एकोणसाठ शब्दांचा इंग्रजी मजकूर आहे. त्यात एकही संक्षेप नाही. चड्ड्यांचा उल्लेख गाळला आहे.

तुझा दादा


३ मार्च

दादा,

तू तिला नक्की काय लिहिलंस? तात्पर्य मी तेव्हाच वाचलं होतं, पण वाटलं इंग्रजीत ते गोड लागत असेल. तिचं उत्तर आलं आहे. आधीच्या कार्डावर फुलं होती. हे कोरं आहे.

खाली उतरवलंय, पण मी थांबले नाही, तुझ्या रीतीने माझं मीच उसवून बघितलं. पहिलं, आयम सॉरी. आय ॲम सॉरी. बरं, सॉरी तर सॉरी. पुढे, यू डोन्ट हॅव टू कम. यात डोन्ट आहे आणि कम आहे. डू नॉट, कम. येऊ नको! मधे काय हॅव टू आहे ते असू दे, कापडाच्या मधलं अस्तर असेल. दोन्ही टोकं मला कळली.

आणि शेवटची ओळ. तिथे एक शब्द तिने चुकवला होता. डब्ल्यू, ओ, एन, लोंबता दोरा, टी. मी रीतसर उसवलं. दोरा काढला, गळालेला ओ घातला, नॉट सुटा झाला. मागे काय उरलं? वो. आता वो म्हणजे काय? एवढी लेबलं बघितली, वो कुठे नाही. मग ध्यानात आलं, पोरीने ए लिहायला घेतला आणि तो ओ झाला. दोरा पण सवयीने काढला. शब्द वॉन्ट आहे. वॉन्ट मला येतं, गिऱ्हाइकाला मी विचारते, झिप वॉन्ट? बटण वॉन्ट? म्हणून तुझ्यासाठी मी तो दुरुस्त करून उतरवलाय. आय वॉन्ट आस्क एनीवन एल्स.

एल्सचं मला माहीत नाही, तू सांग. पण वॉन्ट आहे आणि आस्क आहे, म्हणजे तिला कोणाला तरी विचारायचंय. कोणाला ते मला माहीत आहे. दुकानाची मालकीण. पोरगा सारखा सांगायचा, मालकीणबाई फार चांगल्या, मालकीणबाईंनी स्टूल दिलं, मालकीणबाईंनी पंखा दिला. घ्या मग. बाळंतपण पण मालकीणबाईच करतील.

गणवेश सगळे झालेत. दोनशे दहाच्या दोनशे दहा. रात्रीचा दिवस केला आणि आठ दिवस आधी उरकले, म्हटलं थांबता येत नाही म्हणते तर लवकर जाऊ. काल गाडीचं तिकीट परत करून आले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, कारण काय लिहू? मी म्हटलं, लिही, बोलावलं नाही.

उरलेल्या मऊ कापडाची अकरा झबली शिवलीत. ती कोणाच्या अंगावर घालू आता? औषधवाल्याच्या?

एल्स म्हणजे काय ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

कातर


७ मार्च

प्रिय भगिनीस,

पत्र पोचले. एल्स म्हणजे अन्य. वाक्याचा अर्थ : मला अन्य कोणास विचारावयाचे आहे. वॉन्ट व आस्क यांच्यामध्ये टू आवश्यक होता, तो नाही. सूनबाईंचे व्याकरण कच्चे आहे. तुझी दुरुस्ती योग्य होती, मात्र अपुरी.

माझ्या मजकुरात दोष नव्हता.

तुझा दादा

ता. क. ताई, मी वहिनी. पत्र पाकिटात घालायला हे माझ्याकडे देतात, म्हणून खाली लिहिते आहे. यांना सांगू नका. ती रजिस्टरची प्रत मी आज चष्मा लावून पाहिली. मला इंग्रजी येत नाही, पण कागद कसा दिसतो ते कळतं. ताई, आमच्या घरमालकाने आम्हाला घर खाली करायचा असाच कागद पाठवला होता. पोरीला काय वाटलं असेल! यांनी आयुष्यभर इंग्रजी टाइप केलं, बोलले एक वाक्य नाही. परवा रस्त्यात एका परक्या माणसाने यांना वाट विचारली, तर हे खिशातून कागद काढून लिहायला लागले. तुम्ही ती दोन्ही कार्डं, तुमची नक्कल नव्हे, खरी कार्डं, मला ताबडतोब पाठवा. दोन घरं सोडून नर्सबाई राहतात. वीस वर्षं बाहेर नोकरी करून आल्या आहेत, इंग्रजीत भांडतातसुद्धा. त्यांना दाखवते. आणि ताई, ते वो तुम्ही दुरुस्त करायला नको होतं. उगाच मनाला लागून राहिलंय.


१२ मार्च

ताई,

कार्डं काल दुपारी आली. तशीच पदरात धरून नर्सबाईंकडे गेले. त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. पहिलं कार्ड वाचलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, किती गोड!" मी म्हटलं, "गोड? सासूला थांबता येत नाही म्हणून सुनावलंय त्यात!" तर त्या पाण्याची झारी खाली ठेवून हसायला लागल्या. मला वाटलं यांना काही झालं.

ताई, कान्ट वेटची टीप उसवून उपयोग नाही. ते आहे त्या मापातच घालायचं असतं. त्याचा अर्थ, कधी एकदा येता असं झालंय. वाट बघवत नाही, इतकी आस लागलीय. तुम्ही येणार म्हणून ती पोरगी आनंदाने लिहीत होती. वी म्हणजे ती आणि पोटातलं.

दुसरं कार्ड वाचताना मात्र नर्सबाई हसल्या नाहीत. डोन्ट हॅव टू कम म्हणजे येऊ नको नव्हे. तुम्हाला यायलाच हवं असं नाही, तुमच्यावर जबरदस्ती नाही. तुमच्या त्या अस्तरातच सगळं होतं, ताई.

आणि ते वो. ते वो नव्हतं आणि वॉन्टही नव्हतं. वोन्ट. विल नॉटचं वोन्ट करतात. का करतात ते नर्सबाईंनाही सांगता आलं नाही, म्हणाल्या, करतात. अर्थ असा की मी दुसऱ्या कोणालाही विचारणार नाही. तुम्ही नाही आलात तर कोणीच नाही. मालकीण नाही, कोणी नाही. ती एकटी जाईल.

नर्सबाई म्हणाल्या, ओ आणि ए तिने अगदी स्वच्छ काढलेत, कोणाचा गोंधळ झाला? मी म्हटलं, आमच्याकडे दोन विद्वान आहेत.

यांना सगळं सांगितलं. आधी म्हणाले, नियमाला अपवाद असेल तर तो नियमात लिहायला हवा होता. रात्री जेवले नाहीत. सकाळी टाइपरायटरवर कापड टाकून ठेवलंय.

ताई, तिकीट मिळालं नाही तर उभ्याने जा. पण जा.

तुमची वहिनी


१८ मार्च

दादा,

हे पत्र सुनेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. वहिनीचं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. चार वाजता दुकानाला कुलूप घातलं आणि साडेपाचच्या गाडीत चढले. तिकीट होतं, जागा नव्हती. दाराशी झबल्यांच्या पिशवीवर बसून आले. एका बाईने विचारलं, पिशवीत फुटण्यासारखं काही आहे का? मी म्हटलं, नाही, फुटायचं ते आधीच फुटलंय.

तिसरा मजला, जिना अरुंद. दार उघडलं तर पोट आधी बाहेर आलं, मग ती. माझ्याकडे बघत राहिली. मी सबंध वाटभर एक वाक्य पाठ करत आले होते, आयम सॉरी. तिला बघितल्यावर ते राहूनच गेलं. मी म्हटलं, "पाय बघू." तिला मराठी कळत नाही, तरी तिने पाय पुढे केला. मडक्याएवढा सुजलाय. मग ती रडली, मी पण थोडी रडले, आणि वरच्या मजल्यावरून उतरणारा एक म्हातारा आमच्यामुळे जिन्यात पाच मिनिटं अडकून पडला.

तुझा तो कागद तिने जपून ठेवलाय. मला दाखवला. खाली एका वकिलाचा शिक्का आहे! पोरीने घाबरून तो वकिलाला नेऊन दाखवला, दादा. हाताने काळा कोट दाखवला, टेबलावर मूठ आपटून दाखवली, मग दोन्ही हात पसरून दाखवले. म्हणजे बहुधा वकील म्हणाला, तुमच्यावर काही केस होत नाही. बहुधा. आम्ही दोघी त्यावर इतक्या हसलो की तिला पोट धरून बसावं लागलं, आणि मग मी घाबरले.

आता तुझ्या संक्षेपांचं ऐक. इथे घरात ते मोकाट सुटलेत. ही उठते आणि म्हणते, "आयल गेट इट." मी तिला तेलाची बाटली आणून देते. तिसऱ्यांदा बाटली दिली तेव्हा तिने कागदावर लिहून दाखवलं, आय विल, मग तिथेच माझ्यासमोर दुमडून आयल केलं. ऑइल नव्हे. मी करीन, मी आणीन, असं. मी म्हटलं, काही आणायचं नाही, बस खाली.

काल डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोटावर हात फिरवला, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शील बी फाइन." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तिच्या शीलाचं तुम्हाला काय करायचंय? आणि दंड कसला? नवरा आहे तिला, जहाजावर आहे!" डॉक्टरीणबाईंना एक अक्षर कळलं नाही, पण दोन पावलं मागे सरकल्या. सुनेला मात्र काहीतरी गडबड झाली ते कळलं. तिने माझा हात धरला आणि डॉक्टरीणबाईंच्याच कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं, शी विल. ती राहील. ठीक राहील. मग मी डॉक्टरीणबाईंना सॉरी म्हणाले. ते वाक्य शेवटी तिथे कामाला आलं.

आणि विल नॉटचं वोन्ट ज्याने केलं तो शिंपी मला एकदा दाखव. आखूड करायला पॅन्ट द्यावी आणि परत झगा यावा! माझ्या दुकानात असं काम झालं असतं तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं. तेव्हा तू जेवण सोडू नको. चूक तुझी एकट्याची नाही. तू उसवायला सांगितलंस, मी उसवलं, कापडच फसवं होतं. पण ते रजिस्टर पोस्ट मात्र सर्वस्वी तुझ्यावर राहील.

इथे मी तिचे सगळे झगे काढून बसले आहे. पोरगी महिनाभर श्वास आवळून हिंडत होती. शिवणीत आत चांगलं दोन बोटं कापड दाबलेलं होतं, कोणाच्या लक्षात नाही. सगळ्यांच्या टिपा उसवल्या, सैल करून दिले. काल तिने त्यातला एक घातला आणि खुर्चीवर अशी बसली की मलाच सुटल्यासारखं वाटलं. मालकीणबाई येऊन भेटून गेल्या. बऱ्या आहेत. मी त्यांच्याही बाहीचं बटण लावून दिलं.

आता कामाचं. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिलीय शुक्रवार, सत्तावीस. बाळंतपणाच्या खोलीत एकच माणूस सोडतात. त्यांनी सुनेला विचारलं, कोण? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बाळंतपणाला मी घाबरत नाही, पोरगा तर माझ्या शिलाई मशीनशेजारी जन्मला. पण आत गेल्यावर तिला बोलणार काय? कळा सुरू झाल्यावर कोणी कागदावर लिहून दाखवत नाही. हात धरीन, ते ठीक. पण बाईला त्या वेळी कानात माणसाचा आवाज लागतो, आणि कळेल असा लागतो. मी मराठीत बोलत राहीन आणि ती आत एकटीच राहील, हे मला चालायचं नाही.

तर टाइपरायटरवरचं कापड काढ. नर्सबाईंकडे जा. वहिनीला घेऊन जा, नाहीतर तू तिथे खिशातून कागद काढशील. बायका अशा वेळी बाईला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना विचार. पाच-सहा वाक्यं पुरेत. पुस्तकातली नकोत, कोर्टातली तर मुळीच नकोत, तोंडातली हवीत. जितकी आखूड होतील तितकी करून घे, लोंबते दोरे सगळे राहू देत. त्यांनी सांगितलेलं एक अक्षर बदलू नको. मीही बदलणार नाही. लिहू मात्र तू, आणि टाइप करूनच पाठव, मोठ्या अक्षरात, ओळींमधे जागा सोडून. तुझ्या यंत्राचा ओ हा ओ दिसतो आणि ए हा ए. तेवढा माझा तुझ्यावर अजून विश्वास आहे.

सगळ्यात आधी मला "घाबरू नको" पाहिजे. त्यातला डोन्ट मला आला. त्याच्या पुढचा शब्द येत नाही. तो पाठव. मंगळवारपर्यंत माझ्या हातात पडला पाहिजे, कारण पाठ करायला मला दोन दिवस लागतील.

कातर